वर्क परमिट म्हणजे काय? बांधकाम साइटवर थांबलेलं काम पुन्हा सुरू करायला नवी सही का लागते?

मे महिन्याचा शेवट किंवा जूनची सुरुवात. नांदेड किंवा लातूरमध्ये एखाद्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर सेंटरिंगचं काम सुरू असतं. दुपारी चारच्या सुमारास वारा सुटतो, आभाळ गडगडायला लागतं. मुकादम सगळ्यांना खाली बोलावतो. तासाभरात पाऊस थांबतो, ऊन पडतं आणि कामगार पुन्हा परांचीवर चढतात.

पण त्या तासाभरात साइट बदललेली असते. फळ्या निसरड्या झालेल्या असतात. वाऱ्यानं एखादी बांधणी सैल झालेली असते. खालच्या खड्ड्याच्या कडेला पाणी मुरलेलं असतं. काम थांबवताना जी साइट होती, ती आता राहिलेली नसते.

म्हणूनच नियम पाळणाऱ्या मोठ्या साइटवर पाऊस थांबला की लगेच काम सुरू होत नाही. आधी एक कागद थांबवलेला असतो. तो पुन्हा सुरू करण्यासाठी कुणीतरी जागेवर जाऊन पाहणी करावी लागते आणि सही करावी लागते. या कागदाला 'वर्क परमिट' म्हणतात. तो थांबवण्याची आणि पुन्हा सुरू करण्याची पद्धत काय आहे, हे समजून घेऊया.

वर्क परमिट म्हणजे नेमकं काय?

आधी एक गोंधळ दूर करू. इथे परदेशात नोकरीसाठी लागणाऱ्या परवान्याबद्दल बोलणं सुरू नाही. नांदेड वाघाळा किंवा लातूर महापालिकेकडून घ्यावा लागणारा बांधकाम परवानाही वेगळा. तो इमारतीसाठी असतो आणि एकदाच मिळतो.

वर्क परमिट हा साइटच्या आतला कागद असतो. एक ठरावीक धोक्याचं काम, एका ठरावीक जागी, ठरावीक माणसांनी, ठरावीक वेळेतच करायचं, अशी ती लेखी परवानगी असते. बहुतेक ठिकाणी ती एका पाळीपुरती किंवा एका दिवसापुरती असते.

सगळ्याच कामांना परमिट लागत नाही. साधारणपणे या कामांसाठी ते घेतलं जातं:

- उंचीवरचं काम
- वेल्डिंग, गॅस कटिंग यांसारखी ठिणगी उडणारी कामं
- खोल खोदकाम
- टाकी, मॅनहोल, सेप्टिक टँक अशा बंदिस्त जागेतलं काम
- विजेच्या जोडणीवरचं किंवा तारांजवळचं काम
- क्रेननं जड वस्तू उचलणं
- पाडकाम

परमिटवर दोन महत्त्वाच्या सह्या असतात. एक परमिट देणाऱ्याची, म्हणजे ती जागा ज्याच्या ताब्यात आहे त्या जबाबदार अधिकाऱ्याची. दुसरी घेणाऱ्याची, म्हणजे प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्या सुपरवायझरची. मोठ्या साइटवर सुरक्षा अधिकाऱ्याचीही सही असते.

रेल्वेनं प्रवास करणाऱ्यांना यासारखी एक गोष्ट माहीत आहे. दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात 'लाईन ब्लॉक'मुळे गाड्या रद्द किंवा उशिरा, अशा बातम्या नेहमी येतात. ब्लॉक म्हणजे रुळावर काम करण्यासाठी ठरावीक वेळेपुरता दिलेला ताबा. वेळ संपली, की काम करणाऱ्यांनी रूळ सुरक्षित असल्याचं कळवायचं आणि मगच गाडी सोडायची. वर्क परमिटचं तत्त्वही हेच आहे.

थांबवणं, रद्द करणं आणि बंद करणं: फरक काय?

साइटवर हे तीन शब्द सर्रास एकाच अर्थानं वापरले जातात. गडबड तिथूनच सुरू होते.

- बंद करणं (क्लोज): काम पूर्ण झालं, माणसं आणि अवजारं बाहेर आली, जागा वापरायला मोकळी आहे.
- थांबवणं (सस्पेंड): काम अर्धवट आहे. काही काळासाठी थांबलंय, पुन्हा सुरू होणार आहे. जागा वापरायला मोकळी नाही.
- रद्द करणं (कॅन्सल): परिस्थिती इतकी बदलली की या परमिटवर काम होऊच शकत नाही. नवा धोका तपासून नवं परमिट घ्यावं लागेल.

यातला सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे थांबवलेलं परमिट. बाहेरून पाहिलं तर काम दिसत नाही, माणसं दिसत नाहीत. सगळं शांत असतं. पण आत कुठेतरी एखादा पाईप उघडा असतो, कठडा काढलेला असतो किंवा वायर सोडलेली असते. ही माहिती फक्त त्या कागदावर असते. कागद योग्य माणसापर्यंत पोहोचला नाही, तर काय होतं?

थांबवलेल्या एका परमिटमुळे काय घडलं होतं?

याचं जगभर दिलं जाणारं उदाहरण ब्रिटनच्या उत्तर समुद्रातलं आहे. ते बांधकामाचं नाही, तेलाच्या प्लॅटफॉर्मचं आहे. पण परमिट थांबवण्याचे आजचे नियम समजायला ते पाहावंच लागतं.

६ जुलै १९८८. पायपर अल्फा नावाच्या प्लॅटफॉर्मवर दोन पंप होते. त्यातला एक पंप देखभालीसाठी बंद केला होता. त्याच पंपाच्या पाइपवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता. या दोन कामांची दोन वेगळी परमिटं होती.

संध्याकाळपर्यंत व्हॉल्व्ह परत बसवणं झालं नाही. उघड्या तोंडावर तात्पुरतं झाकण लावलं आणि परमिट थांबवलं. ते परमिट सेफ्टी ऑफिसात ठेवलं गेलं. रात्रीच्या पाळीला ही गोष्ट कळली नाही.

रात्री पावणेदहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला. कंट्रोल रूममधल्या लोकांना पहिल्या पंपाच्या देखभालीचं परमिट माहीत होतं. ते काम अजून सुरूच झालं नव्हतं, त्यामुळे पंप चालू करता येईल असं त्यांना वाटलं. व्हॉल्व्ह काढलेला आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. पंपाजवळ उभं राहून ती जागा दिसतही नव्हती. पंप सुरू झाला, झाकणातून गॅस बाहेर पडला आणि स्फोट झाला. १६७ जणांचा मृत्यू झाला.

लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला. त्यात १०६ शिफारशी होत्या. परमिटची पद्धत आणि पाळी बदलताना माहिती देण्याची पद्धत, या दोन्हींवर त्यात बोट ठेवलं होतं.

थांबवलेली परमिटं सगळ्यांना दिसतील अशा एकाच जागी लावायची, एकमेकांशी संबंध असलेल्या परमिटांवर एकमेकांचे नंबर लिहायचे आणि पाळी बदलताना तोंडी व लेखी दोन्ही माहिती द्यायची, हे नियम आज अनेक उद्योगांत दिसतात. त्यांच्या मागे या दुर्घटनेचा धडा आहे.

नांदेड-लातूरमध्ये परमिट कोणत्या कारणांनी थांबवावं लागतं?

या भागात मोठी कामं नवी नाहीत. लातूरजवळ रेल्वे कोच कारखाना उभा राहिला, डिसेंबर २०२० मध्ये तिथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचं काम टप्प्याटप्प्यानं सुरू आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. शिवाय दोन्ही शहरांत अपार्टमेंट, हॉस्पिटल, कोचिंग क्लासेस आणि हॉस्टेलच्या इमारती उभ्या राहत असतात.

या भागातली हवा, जमीन आणि वीज पाहता काम थांबवण्याची नेहमीची कारणं अशी:

वीज आणि वादळ: मान्सूनच्या आधी आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात विजा पडून दरवर्षी माणसं दगावतात. क्रेन, सळया आणि उंचावरची परांची हे तर धोक्याचेच. गडगडाट ऐकू आला की उंचीवरचं आणि क्रेनचं परमिट थांबवायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर किमान ३० मिनिटं पुन्हा वर चढायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास पडणाऱ्या विजेचा इशारा देतं.

पाऊस आणि काळी जमीन: मराठवाड्यातली काळी माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते, तिला भेगा पडतात. त्यामुळे पावसाआधी सरळ उभी दिसणारी खड्ड्याची भिंत पावसानंतर ढासळू शकते. खोदकामाचं परमिट पावसानंतर आपोआप सुरू होऊ नये, याचं हे सगळ्यात सोपं कारण. खोदकामाच्या सुरक्षेसाठी आयएस ३७६४ हे भारतीय मानक आहे.

भूकंपाचे धक्के: ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप लातूरकर विसरलेले नाहीत. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के नांदेडपर्यंत जाणवले. असा धक्का जाणवला की साइटवरची सगळी परमिटं थांबवायची आणि सेंटरिंगचे टेकू, परांची, क्रेन आणि खड्डे तपासल्याशिवाय पुन्हा सुरू करायची नाहीत.

लाईट जाणं: हे कारण साधं वाटतं, पण घातक आहे. लाईट गेली की कटर, मिक्सर, लिफ्ट जागच्या जागी थांबतात. बटण चालूच राहतं. कामगार पातं साफ करायला हात घालतो आणि लाईट येते. म्हणून लाईट गेल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येक मशीनचं बटण बंद करणं.

ऊन: एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. दुपारी काम थांबवून संध्याकाळी सुरू केलं, तर अंधारातल्या कामासाठी उजेडाची सोय परमिटमध्ये आहे का, हे पाहावं लागतं.

माणसं बदलणं: मजूर अड्ड्यावरून रोज वेगळी माणसं येतात. सण, लग्नसराई, ऊसतोडीचा हंगाम यांमुळे अख्खी टोळी बदलते. थांबवताना जी माणसं होती, ती सुरू करताना नसतात. धोका मात्र तिथेच असतो.

काम थांबवताना काय करायचं?

थांबवणं म्हणजे हातातलं टाकून पळणं नाही. आग, गॅसगळती किंवा काही कोसळत असेल तर आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. बाकी वेळी हा क्रम पाळला जातो:

१. काम सुरक्षित टप्प्यावर आणायचं. क्रेनला लटकलेला भार खाली ठेवायचा. स्लॅब ओतणं मधेच थांबवावं लागलं, तर सांधा कुठे ठेवायचा हे इंजिनिअरनं सांगायचं.

२. सगळ्या माणसांना बाहेर काढून मोजायचं. टाकीत चार उतरले असतील तर चार बाहेर आले पाहिजेत.

३. वीज, गॅस, पाणी यांचा पुरवठा बंद करून लावलेली कुलपं तशीच ठेवायची. काम थांबलंय म्हणून कुलूप काढायचं नाही.

४. वेल्डिंग थांबवलं असेल, तर ठिणगी धुमसत नाही ना हे पाहायला किमान अर्धा तास कुणीतरी तिथे थांबायचं.

५. जागेला बॅरिकेड लावायचं आणि 'काम थांबवले आहे, सुरू करू नये' असा फलक लावायचा.

६. परमिटवर तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजता थांबवलं, का थांबवलं आणि काम कोणत्या अवस्थेत सोडलं.

७. कामगारांकडची परमिटची प्रत परत घ्यायची आणि ऑफिसातल्या बोर्डवर 'थांबवलेली' या रकान्यात लावायची. शेजारी काम करणाऱ्या टोळ्यांना सांगायचं.

यातला सहावा मुद्दा सगळ्यात जास्त टाळला जातो. "पावसामुळे थांबवले" एवढंच लिहिलं, तर दुसऱ्या दिवशीच्या सुपरवायझरला काहीच कळत नाही. "तिसऱ्या मजल्यावर उत्तरेकडचा कठडा काढलेला आहे" असं लिहिलं, तर जीव वाचतो.

काम पुन्हा सुरू करताना काय पाहायचं?

थांबवण्याचा अधिकार साइटवरच्या प्रत्येकाला असावा, हे जगभर मान्य झालेलं तत्त्व आहे. बिगारी कामगारानंही "थांबा" म्हटलं तर थांबायचं. पण सुरू करण्याचा अधिकार प्रत्येकाला नसतो. तो परमिट देणाऱ्याचा असतो.

सुरू करण्यापूर्वी पाच प्रश्नांची उत्तरं 'हो' असावी लागतात:

- ज्या कारणानं थांबवलं, ते कारण खरंच संपलंय का?
- परमिट देणारा आणि घेणारा, दोघांनी जागेवर जाऊन पाहिलं का? ऑफिसात बसून किंवा फोनवर दिलेली परवानगी चालत नाही.
- जे बदलू शकतं ते पुन्हा तपासलं का? उदाहरणार्थ टाकीतली हवा, खड्ड्याच्या कडा, परांचीच्या बांधण्या, सेफ्टी बेल्टचे हुक.
- माणसं तीच आहेत का? नवी असतील तर त्यांना धोका समजावून सांगितला का?
- परमिटची वेळ शिल्लक आहे का? संपली असेल तर नवं परमिट लागेल.

त्यानंतर परमिटवर वेळ टाकून दोघांची पुन्हा सही होते. एकाच वेळी अनेक परमिटं थांबवली असतील, तर ती एकदम सुरू करत नाहीत. वरच्या मजल्यावरचं वेल्डिंग आणि खालच्या मजल्यावरचं रंगकाम एकमेकांना धोक्याचं ठरतं का, हे पाहून एकेक सुरू केलं जातं.

महावितरणचे कर्मचारी हे कसं करतात?

ही पद्धत फक्त मोठ्या कंपन्यांची आहे असं नाही. आपल्या गल्लीतल्या खांबावर चढणारा महावितरणचा जनमित्रही परमिट घेऊनच चढणं अपेक्षित असतं. आधी उपकेंद्रातून त्या फीडरचा पुरवठा बंद होतो, लाईन मृत आहे हे तपासलं जातं, अर्थिंग केलं जातं, मग काम सुरू होतं.

यातला महत्त्वाचा नियम असा: ज्यानं परमिट घेतलं, त्यानंच ते परत करायचं. आणि एका फीडरवर दोन टोळ्यांनी परमिट घेतलं असेल, तर दोघांचीही परत आल्याशिवाय लाईन सुरू करायची नाही. "लाईट कधी येणार?" म्हणून उपकेंद्राला फोनवर फोन जात असताना तिथल्या ऑपरेटरला हा नियम पाळायचा असतो.

जनरेटर किंवा इन्व्हर्टरची जोडणी चुकीची असेल, तर बंद लाईनमध्येही उलटा प्रवाह येऊ शकतो. म्हणून अर्थिंग हा नुसता उपचार नसतो.

मोठ्या खंडानंतर काय?

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला आणि बहुतांश बांधकामं एका दिवसात थांबली. २० एप्रिलपासून ज्या साइटवर कामगार राहत होते, तिथे अटींसह काम सुरू करायला परवानगी मिळाली. पण महिनाभर उन्हात पडून राहिलेले दोर, गंजलेले क्लॅम्प, उघड्यावर राहिलेल्या केबल तशाच वापरता येत नाहीत.

७ मे २०२० ला विशाखापट्टणममध्ये एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यात वायुगळती होऊन किमान १२ जणांचा मृत्यू झाला. हा कारखाना लॉकडाऊनमध्ये बंद होता आणि पुन्हा सुरू होण्याच्या तयारीत होता. त्यानंतर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं उद्योगांसाठी सूचना काढल्या. कारखाना पुन्हा सुरू केल्यावर पहिला आठवडा चाचणीचा समजा आणि उत्पादनाची मोठी उद्दिष्टं ठेवू नका, असं त्यात सांगितलं होतं. दिवाळीनंतर किंवा पैशांअभावी सहा महिने रखडलेली साइट पुन्हा सुरू करतानाही हेच लागू होतं.

कायदा काय सांगतो?

बांधकाम कामगारांच्या सुरक्षेसाठी १९९६ चा केंद्रीय कायदा होता आणि त्याखाली महाराष्ट्राचे २००७ चे नियम आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत १९९६ चा कायदा सामावला आहे. या संहितेनुसार जिवाला तातडीचा धोका वाटला, तर कामगार तो मालकाच्या आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाच्या लक्षात आणून देऊ शकतो. २५० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो.

परमिट कसं असावं, यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८९३ हे मानक आहे. तेल उद्योगासाठी ओआयएसडी १०५ हे जुनं मानक आहे.

पण इथे एक मोठी फट आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेली बांधकामं या तरतुदींच्या बाहेर राहतात. स्वतःच्या राहत्या घराच्या बांधकामासाठी १९९६ च्या कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत सूट होती. नव्या संहितेत ही मर्यादा ५० लाख आहे. म्हणजे नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या कॉलनीत सात-आठ मजूर लावून चाललेल्या घराच्या कामावर परमिट तर सोडाच, ते विचारणारंही कुणी नसतं.

घराचं बांधकाम सुरू असेल तर काय करता येईल?

अशा छोट्या कामावरचा एक धोका विशेष लक्षात ठेवायला हवा. नवी पाण्याची टाकी किंवा सेप्टिक टँक बांधला, की स्लॅबनंतर काही आठवडे काम थांबतं. मग आतलं सेंटरिंग काढायला कुणीतरी उतरतं. टाकी कोरी असते, त्यात मैला नसतो, म्हणून कुणाला भीती वाटत नाही. पण साचलेलं पाणी आणि कुजणारं लाकूड बंद टाकीतला ऑक्सिजन खाऊन टाकतात. हवेत साधारण २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की जागा धोक्याची मानतात. हे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. पहिला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा.

काम थांबलं तेव्हा टाकी उघडी आणि हवेशीर होती. सुरू करताना ती तशी राहिलेली नाही. छापील परमिट नसलं तरी एक वही पुरेशी आहे:

- काम थांबवताना वेळ, कारण आणि काय अर्धवट आहे ते लिहा. फोनवर फोटो काढून ठेवा.
- पुन्हा सुरू करण्यापूर्वी मालक किंवा ठेकेदार आणि मुकादम यांनी मिळून फेरी मारा, मग वहीत सही करा.
- टाकीचं झाकण आदल्या दिवशीच उघडा, पंख्यानं किंवा ब्लोअरनं हवा खेळवा. ऑक्सिजन मोजायचं यंत्र मागवा. ते मिळत नसेल तर माणूस उतरवू नका. आत कुणी पडलं तर मागून उडी मारू नका, अग्निशमन दलाला बोलवा.
- नव्या माणसाला काम सांगण्याआधी धोका सांगा.
- घरावरून किंवा गच्चीजवळून वीजवाहिनी जात असेल, तर महावितरणला कळवल्याशिवाय सळया वर चढवू नका.

कामगारांसाठी आणखी एक गोष्ट. मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. नोंदणी चालू असेल तर कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख रुपयांची मदत मिळण्याची योजना आहे. नोंदणीचं नूतनीकरण मात्र वेळेवर करावं लागतं.

"पाऊस थांबला, चला कामाला" हे वाक्य प्रत्येक साइटवर ऐकू येतं. परमिटची सगळी पद्धत त्या वाक्यात एक पायरी वाढवते: पाऊस थांबला, आधी जाऊन बघू, मग कामाला. या पायरीला पंधरा-वीस मिनिटं लागतात.